‘कार्यक्रम मूल्यमापन’ की ‘योजनांचे मूल्यमापन’?

प्रश्न : मेक्सिकोतल्या एका विद्यापीठाचा समाजशास्त्राचा अभ्यासक्रम मराठीत आणते आहे. त्यात ‘एवालुआसिओन दे प्रोग्रामास’ असा विषय आहे. ‘कार्यक्रम मूल्यमापन’ लिहिलं, पण वाचताना स्नेहसंमेलनाला गुण दिल्यासारखं वाटतं. दुसरा शब्द सुचवाल का?

उत्तर : ‘योजनांचे मूल्यमापन’ लिहा, ताई. आपल्याकडे कार्यक्रम हळदीकुंकवाचा, सत्काराचा, मुलगी बघण्याचा. सरकार पैसे किंवा धान्य देतं, ती योजना. मात्र स्पॅनिशमध्ये विषयाच्या अभ्यासक्रमालाही ‘प्रोग्रामा’च म्हणतात, त्यामुळे प्रत्येक ठिकाणी संदर्भ पाहूनच शब्द ठेवा.

खरी अडचण मला ‘मूल्यमापना’ची वाटते. हा शब्द शाळेनं जवळजवळ ताब्यात घेतला आहे. शाळांत सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं तेव्हापासून ‘आकारिक’ आणि ‘संकलित’ घरोघरी पोचले, म्हणून मूल्यमापन म्हटलं की प्रगतिपुस्तक डोळ्यांसमोर येतं. वास्तविक ही जोडी मूल्यमापनाचे अभ्यासक मायकल स्क्रिवेन यांनी 1967 साली मांडली, आणि ती केवळ विद्यार्थ्यांच्या गुणांपुरती नव्हती. अभ्यासक्रम घडत असताना तो सुधारण्यासाठी केलेली पारख एक, पूर्ण झाल्यावर त्याची योग्यता ठरवणारी दुसरी. पहिलीला ‘घडणीतले मूल्यमापन’ म्हटलं असतं तर अर्थ लगेच उलगडला असता. ‘आकारिक’मधून आकारमानच ऐकू येतं.

मेक्सिकोचंच उदाहरण घ्या. तिथे 1997 साली ‘प्रोग्रेसा’ ही योजना सुरू झाली. मुलं शाळेत जात असतील, घरातली माणसं आरोग्य तपासणीला येत असतील, तर गरीब ग्रामीण कुटुंबातल्या आईच्या हाती रोख रक्कम द्यायची. पाहणीसाठी 506 वस्त्या घेतल्या. त्यांपैकी 320 वस्त्यांत योजना आधी लागू केली, 186 वस्त्यांत नंतर, आणि कोणती वस्ती कुठल्या गटात हे सोडतीसारखं ठरवलं. दोन्हीकडच्या मुलांच्या शाळाप्रवेशात जो फरक पडला, तो योजनेचा परिणाम. माध्यमिक शाळेतल्या मुलींच्या बाबतीत तो विशेष दिसला. पैसे पोचले का हे पाहणं म्हणजे देखरेख, हिशेब जुळतो का हे पाहणं म्हणजे लेखापरीक्षण. योजना नसती तर काय झालं असतं, हा मूल्यमापनाचा मोठा प्रश्न. तुमच्या तळटीपेत एवढं तरी यावं असं मनापासून वाटतं.

आणखी एकाचं उत्तर : ‘योजना’ पटतं, पण सरसकट नको. ‘लसीकरण कार्यक्रम’, ‘कुटुंबनियोजन कार्यक्रम’ हे शब्द सरकारी मराठीत पक्के रुजलेत. तिथे ‘योजना’ केलंत तर वाचक अडखळेल. विषयाच्या नावात योजना ठेवा, आत जिथे रूढ नाव असेल तिथे कार्यक्रम राहू द्या.

प्रवेशाच्या अटींकडेही नीट लक्ष द्या. ‘बाचियेरातो’ ऐकून बॅचलरची पदवी वाटते, पण मेक्सिकोत ते विद्यापीठाआधीचं शिक्षण, म्हणजे आपल्या बारावीच्या जवळचं. पदवी ती ‘लिसेन्सिआतुरा’. ‘मात्रिकुला’ म्हणजे नावनोंदणी. आपलं ‘मॅट्रिक’ त्याच लॅटिन मुळाचं, पण इथे येऊन ते परीक्षेचं नाव झालं.

प्रश्नकर्ती : दोघांचेही आभार. विषयाचं नाव ‘सामाजिक योजनांचे मूल्यमापन’ असं करते आणि प्रोग्रेसाची तळटीप घालते. ‘बाचियेरातो’साठी मी तीन ठिकाणी पदवी लिहिलं होतं. मजकूर उद्या छपाईला जाणार होता, आज रात्रीच दुरुस्त करून पाठवते.