‘कळवावे’ की ‘कळवता येईल’?

प्रश्न
समुपदेशकांसाठीच्या एका मराठी पुस्तिकेचं मुद्रितशोधन करतेय. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यातलं कलम ९ असं उतरवलंय: ‘रुग्ण स्वतः सांगत नसल्यास समुपदेशकाने जोडीदारास कळवावे.’ मूळ इंग्रजीत ‘मे’ (may) आहे. चालेल ना? शिवाय एका पानावर ‘गुप्तता’, दुसऱ्यावर ‘गोपनीयता’. कोणता ठेवू?

उत्तर १
नाही चालणार. विध्यर्थ, म्हणजे ‘करावे’, ‘कळवावे’ ही रूपं, मोठा लबाड आहे. ‘मी आत यावं का?’ यात परवानगी मागितलेली असते. पण ‘अर्ज विहित नमुन्यात सादर करावा’ हा सरळ हुकूम. सरकारी छापाच्या पुस्तिकेत ‘कळवावे’ वाचणारा त्याला हुकूमच समजणार. कायद्याने मुभा दिली आहे, सक्ती केलेली नाही.

उत्तर २
मी आयसीटीसीत, म्हणजे एचआयव्ही समुपदेशन आणि तपासणी केंद्रात, समुपदेशक आहे. ताई, ती मुभासुद्धा सहज मिळत नाही. जोडीदाराला संसर्गाचा मोठा धोका आहे असं वाटायला सबळ कारण हवं. रुग्णाला ‘तुम्हीच सांगा’ म्हणून समजावलेलं हवं, तरी तो सांगणार नाही याची खात्री पटलेली हवी, आणि ‘आता मी सांगणार आहे’ हे त्याला आधी सांगितलेलं हवं. मग जोडीदाराला समोर बसवून, समुपदेशन करून. फोनवर नाही, चिठ्ठीने तर नाहीच.

आणि पुस्तिकेत गाळलेलं दिसतंय ते हे: रुग्ण बाई असेल आणि नवरा मारेल, घराबाहेर काढेल अशी रास्त भीती असेल, तर त्याला सांगायचं नाही. गरोदरपणाच्या तपासणीत बाईचा रिपोर्ट आधी येतो, नवऱ्याची तपासणीच झालेली नसते, आणि घरात ‘हिनेच आणलं’ ठरतं. अशा वेळी ‘कळवावे’ वाचलेला नवखा समुपदेशक काय करेल, विचार करा. अर्थात तो नवराही धोक्यात असू शकतो. तिला औषधं सुरू करून, तिच्याच तोंडून कधी सांगता येईल हे बघत बसणं, एवढंच आमच्या हातात उरतं. झोप उडते कधीकधी.

प्रश्नकर्ती
मग असं करते: ‘वरील सर्व अटी पूर्ण झाल्यास डॉक्टर किंवा समुपदेशक यांनाच जोडीदारास कळवता येईल.’ रुग्ण बाईला तशी रास्त भीती असेल तिथे ‘कळवू नये’.

उत्तर १
‘यांनाच’मधला ‘च’ राहू द्या, नाहीतर लॅबवाला आणि वॉर्डबॉयही आत शिरतात. ‘गोपनीयता’ घ्या. दोन्ही शब्द ‘गुप्’ धातूचेच, पण ‘गुप्त’ला मराठीत गुप्तरोगाच्या पाट्यांचा वास लागलाय.

उत्तर २
‘जोडीदार’ही बदलू नका. लग्नासारख्या नात्यात राहणारी व्यक्तीही त्यात येते. सासूबाई मात्र येत नाहीत. केसपेपर हातात घेऊन ‘काय आलं हो हिचं?’ विचारायला त्याच सगळ्यात आधी उभ्या असतात.