मदत हवी आहे : १९९० पूर्वी अमेरिकेत गेलेल्यांच्या आठवणी

नमस्कार. अमेरिकेच्या स्थलांतर कायद्याने समलिंगी व्यक्तींना कसे वागवले, यावर मी लेख लिहीत असून त्यासाठी आपली मदत हवी आहे. १९५२च्या कायद्यातील मनोविकृतीच्या कलमाखाली अशा व्यक्तींना प्रवेश नाकारला जाई. १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका कॅनडियन तरुणाची हद्दपारी याच आधारावर कायम केली. हे कलम १९९० मध्ये रद्द झाले.

मला मात्र रिचर्ड अ‍ॅडम्स आणि टोनी सलिव्हन यांची हकिकत स्वस्थ बसू देत नाही. १९७५ मध्ये कोलोरॅडोतील बोल्डर येथे रीतसर परवाना घेऊन त्यांनी लग्न केले, ऑस्ट्रेलियन सलिव्हन यांना जोडीदार म्हणून अमेरिकेत राहता यावे यासाठी केलेला अर्ज सरकारने चक्क शिवीवजा शब्द वापरून फेटाळला (आणि तोही सरकारी पत्रात!), १९८२ मध्ये अपील न्यायालयातही ते हरले, आणि २०१६ मध्ये सलिव्हन यांना ग्रीन कार्ड मिळाले तेव्हा अ‍ॅडम्स यांना जाऊन तीन वर्षे उलटली होती.

आपण किंवा आपले आप्त १९९० पूर्वी तिकडे गेले असल्यास, व्हिसाच्या मुलाखतीत किंवा वैद्यकीय तपासणीत याविषयी काही विचारले गेले होते का, हे कृपया कळवावे. समलिंगी विवाहांना केंद्र सरकारची मान्यता देणाऱ्या अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३च्या निकालानंतर समलिंगी जोडीदारासाठी अर्ज केलेल्या मराठी दांपत्यांचे अनुभवही हवे आहेत. त्यांनी खाजगी संदेश पाठवला तरी चालेल, नाव कोठेही छापले जाणार नाही.