रेसचा पूर्ण निकाल सगळ्यांना का दिसू नये?

धावतोय_पन्नाशीत :
मागच्या महिन्यात आमच्या भागातली एक हाफ मॅरेथॉन पळालो. १ तास ४६ मिनिटं ३८ सेकंद, माझं आजवरचं बेस्ट, त्यासाठी जूनपासून पहाटे साडेचारला उठतोय. संध्याकाळी निकालाची लिंक आली. बिब नंबर, म्हणजे छातीवर लावतो तो, टाकायचा, मग आपल्या एकट्याचं टायमिंग दिसतं, खाली ओव्हरऑल २१४ आणि वयोगटात ४. बस. २१४ किती जणांत? तिसऱ्याच्या किती मागे होतो? यादीच नाही तर कळणार कसं.

आता मुद्दा सांगतो. रूट जाऊन परत त्याच रस्त्याने यायचा होता, साडेदहा किमीला यू-टर्न. पुढचे सगळे समोरून परत येताना दिसतात आणि आपल्या वयाचे किती गेले हे पळणारा माणूस मोजतोच. मी दोन मोजले. स्टेजवर तिसऱ्या नंबरला जे गृहस्थ उभे होते ते मला यू-टर्नच्या आधीही दिसले नाहीत आणि नंतरही नाहीत. त्यांनी काही चुकीचं केलं असं मी म्हणत नाहीये, माझी नजर चुकली असेल, पण खात्री करायची तर कुठे बघू? आयोजकांना मेल केला की ४५ ते ५५ गटाचे स्प्लिट, म्हणजे वाटेतल्या ठरावीक ठिकाणांचं टायमिंग, द्या. उत्तर आलं, डेटा प्रायव्हसीमुळे देता येत नाही. अहो पण बक्षीस देताना त्याच माणसाचं नाव, गाव, वय तुम्हीच माईकवरून सांगितलंत ना?

पैसे भरून एवढ्या लोकांबरोबर पळायचं आणि निकाल मात्र एकट्याने बघायचा, याला मी रेस म्हणत नाही. नुसतं टायमिंग घ्यायला मला घराजवळचं ग्राउंड आणि हातातलं घड्याळ पुरतं.

घाटवाट :
+१. सहमत. आमच्याकडेही हेच.

शांत_पावलं :
दादा, टायमिंगबद्दल मनापासून अभिनंदन. पण दुसऱ्याचं टायमिंग हवंच कशाला? मी डॉक्टरांनी शुगर सांगितली म्हणून पळायला लागलो, माझी स्पर्धा माझ्या मागच्या वर्षीच्या रिपोर्टशी आहे. यादी लागली की ऑफिसात, सोसायटीत लोक शोधून काढतात, 'काय हो, २ तास ५० मिनिटं लागली?' असं तोंडावर विचारतात. आमच्या ग्रुपमधल्या एकाने एवढ्यावरूनच रेस सोडल्या. हळू पळणाऱ्याला लपायचा हक्क असू द्या.

आईचा_पेसर :
हळू पळणाऱ्यांच्या वतीने उलटं सांगते. माझी आई ६४ वर्षांची, गेल्या हिवाळ्यात तिची पहिली १० किमी. मेडल गळ्यात पडल्यावर तिचा पहिला प्रश्न, 'माझ्या वयाच्या अजून किती जणी होत्या गं?' मला सांगता आलं नाही, कारण तिथेही बिब टाका आणि आपलंच बघा. तिला कोणाला हरवायचं नव्हतं, तिला सोबत कोण होतं ते बघायचं होतं. साठीच्या पुढच्या तीन जणी जरी यादीत दिसल्या असत्या तरी तिने पुढच्या वर्षी शेजारच्या काकूंना ओढून नेलं असतं.

आणि यादीत नाव असण्याला किंमत असते. १९६६ मध्ये बॉबी गिब अमेरिकेतल्या बॉस्टनला झुडपात लपून उभी राहिली आणि बिबशिवाय मॅरेथॉन पूर्ण पळाली, कारण बायकांना प्रवेशच नव्हता. १९६६, ६७, ६८ ची महिला विजेती म्हणून तिला मान्यता मिळाली १९९६ मध्ये. ३० वर्षं तिच्या पळण्याची अधिकृत नोंदच नव्हती.

पहाटेची_धाव :
माझा ठाम विरोध आहे आणि कारण पुस्तकी नाही. दोन वर्षांपूर्वी एका रेसनंतर पूर्ण पीडीएफ लागली, नाव, वय, शहर, बिब सगळं. फोटोंच्या साइटवर तोच बिब टाकला की माझे फोटो. एका अनोळखी माणसाने तेवढ्यावरून मला इन्स्टाग्रामवर शोधलं. सुरुवात 'मॅडम तुमचा पेस छान आहे' अशी आणि चार दिवसांनी तुम्ही रोज कुठल्या ग्राउंडवर पळता, किती वाजता, एकट्या असता का. पहाटे पाचला अंधारात पळणाऱ्या बाईला हा प्रश्न काय वाटतो ते पुरुषांना समजावणं अवघड आहे. चार महिने मी रूट बदलून, नवऱ्याला सायकलवर बरोबर घेऊन पळाले. तुमच्या चौथ्या नंबरपेक्षा मला हे मोठं वाटतं, सॉरी.

धावतोय_पन्नाशीत :
ताई, वाचून वाईट वाटलं. सॉरी म्हणू नका, तुमचा मुद्दा मोठा आहेच. पण वय आणि शहर छापायलाच हवं असं मी कुठे म्हटलं? मला क्रम आणि स्प्लिट हवेत.

सहाव्या_किमीचा_पाणीवाला :
मी एका छोट्या रेसच्या टीममध्ये सात वर्षं आहे, त्यामुळे दुसरी बाजू. पहिली दोन वर्षं आम्ही पूर्ण यादी लावली. आठवडाभर फोन. माझं नाव नाही, माझा गट चुकला, अमक्याने शॉर्टकट मारला त्याला काढा. आम्ही सगळे नोकरी सांभाळून हे करतो. एका पोरावर ग्रुपमध्ये 'चीटर' म्हणून फोटोसकट मेसेज फिरले, नंतर कळलं की रस्त्यावरच्या एका टायमिंग मॅटने त्याचा बिब वाचलाच नव्हता. त्या पोराची माफी कोणी मागितली नाही. तेव्हापासून यादी बंद.

मॅट_आणि_चिप :
टायमिंगच्या कामात आहे, थोडं समजावतो. बिबच्या मागे टॅग, म्हणजेच चिप, चिकटवलेला असतो, मॅटवरून गेलात की अँटेना तो वाचते. बिब दुमडला, अंगाला ओला चिकटला, किंवा दाट घोळक्यात गेलात तर कधीकधी वाचला जात नाही. म्हणून एक स्प्लिट नसला म्हणजे फसवणूक असं नाही, हे पाणीवाले सर बरोबर सांगतायत.

पण मूळ धाग्यातल्या सरांना एक विचारतो. पोडियम, म्हणजे पहिले तीन नंबर, गन टाइमवर होतं का? गन टाइम स्टार्टचा इशारा झाल्यापासून मोजतात, चिप टाइम तुम्ही स्टार्टची लाइन ओलांडल्यापासून. खूप ठिकाणी बक्षीस गन टाइमवर देतात आणि साइटवर दिसतो चिप टाइम. तुम्ही स्टार्टला मागे उभे असाल, लाइन ओलांडायला दीड मिनिट लागलं असेल, तर तिसरे गृहस्थ चिपवर तुमच्यापेक्षा स्लो असूनही गनवर पुढे असू शकतात.

धावतोय_पन्नाशीत :
हो, मी बराच मागे होतो! म्हणजे यू-टर्नला माझीच नजर चुकली असेल, ते कदाचित पूर्ण बरोबर असतील आणि मी महिनाभर एका भल्या माणसाबद्दल मनात शंका धरून बसलोय. बघा ना, दोन्ही टायमिंगची यादी असती तर दोन मिनिटांत हा विषय संपला असता. यादी लपवल्याने त्यांचंही नुकसानच झालं.

घाटवाट :
आणि १९८० चं बॉस्टन विसरू नका. रोझी रुईझला महिलांमध्ये पहिली जाहीर केलं, पण वाटेत तिला कोणी पाहिलंच नव्हतं. आठ दिवसांनी किताब काढून कॅनडाच्या जॅकलिन गरोला दिला. लोकांनी प्रश्न विचारले म्हणूनच ना? आपल्याकडे तर बायकोच्या बिबवर नवरा पळतो आणि खऱ्या पळणारीचं बक्षीस जातं. लपवण्याचं अजून एक कारण असतं, बॅनरवर पाच हजार धावपटू लिहिलेलं असतं आणि यादी लावली की फिनिशर मोजता येतात.

सहाव्या_किमीचा_पाणीवाला :
सगळ्यांना त्या माळेत ओवू नका. आमच्या बॅनरवर आम्ही खरा आकडा लिहितो.

पहाटेची_धाव :
दुसऱ्याच्या बिबवर पळण्याचा त्रास आम्हा बायकांनाच जास्त होतो, ते मान्य. तरी नाव नको. बिब, गट, गन टाइम, चिप टाइम आणि स्प्लिट, एवढीच यादी लावा, फोटोंचा शोध बिबवरून सगळ्यांना खुला ठेवू नका, आणि ज्याला नाव हवं त्याने फॉर्म भरताना टिक करावं. २०२३ चा डेटा संरक्षण कायदाही हेच म्हणतो की कशासाठी वापरणार ते सांगा आणि संमती घ्या. प्रायव्हसी म्हणून मेल टाळणाऱ्यांनी फॉर्ममध्ये ती ओळ घातली का ते आधी बघावं.

शांत_पावलं :
नाव नसेल तर माझी हरकत नाही.

सहाव्या_किमीचा_पाणीवाला :
बिबवाली यादी रविवारच्या मीटिंगमध्ये मांडतो, शब्द देत नाही. तक्रारीसाठी ४८ तास आणि त्यानंतर फायनल, असं असेल तरच टीम तयार होईल.

धावतोय_पन्नाशीत :
मी आयोजकांना परत मेल पाठवलाय, या वेळी नावं न मागता. माझ्या गटातल्या पहिल्या दहा बिबचे गन टाइम, चिप टाइम आणि यू-टर्नचा स्प्लिट, एवढंच. उत्तर आलं की इथे टाकतो.