वयाच्या ४५व्या वर्षी निवृत्तीची पुंजी पुरेशी आहे की नाही, हे कसे ताडून पाहावे?

धागाकर्ता (पिंपरी)

माझे वय ४५ असून मी पिंपरी-चिंचवडमधील एका खासगी कारखान्यात नोकरी करतो. आमच्याकडे निवृत्तीचे वय ५८ आहे. भविष्य निर्वाह निधीत (पीएफ) ३८ लाख, पीपीएफमध्ये १८ लाख आणि म्युच्युअल फंडांत १४ लाख रुपये जमा आहेत. मूळ वेतन दरमहा ७०,००० रुपये आहे. पीएफखेरीज वर्षाला दीड लाख रुपये पीपीएफमध्ये आणि दरमहा १०,००० रुपये एसआयपीत, म्हणजे म्युच्युअल फंडांतील मासिक गुंतवणुकीत जातात. घराचा २८,००० रुपयांचा हप्ता आणखी चार वर्षे चालेल. मुलीच्या शिक्षणाची तरतूद वेगळी ठेवली आहे. हप्ता आणि शिक्षण वगळता घरखर्च दरमहा ५०,००० रुपयांच्या आसपास जातो.

‘चाळिशीत पगाराच्या तिप्पट, पन्नाशीत सहापट’ असे कोष्टक सर्वत्र वाचायला मिळते. मात्र पगार म्हणजे मूळ वेतन, हातात येणारी रक्कम की सीटीसी (कंपनीचा माझ्यावरचा एकूण खर्च), येथूनच माझा गोंधळ सुरू होतो. जाणकारांनी कृपया मोजण्याची भरवशाची रीत सांगावी.

एडिसनवासी

हे कोष्टक आमच्याकडचे, म्हणजे अमेरिकेतले आहे. फिडेलिटी या कंपनीने ते प्रचारात आणले: ३०व्या वर्षी वार्षिक पगाराइतकी रक्कम, ४०व्या वर्षी तिप्पट, ५०व्या वर्षी सहापट, ६०व्या वर्षी आठपट आणि ६७व्या वर्षी दहापट. १९६० किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना ६७व्या वर्षी सोशल सिक्युरिटी या सरकारी योजनेचे पूर्ण निवृत्तिवेतन मिळते, आणि ते महागाईनुसार दरवर्षी वाढते. दहापट पुंजी ही त्या वेतनाच्या जोडीला धरलेली आहे. ज्याला असे वाढते निवृत्तिवेतन नाही आणि जो ५८व्या वर्षीच घरी बसणार आहे, त्याने हे कोष्टक वापरले तर हाती येणारे उत्तर फसवे असेल.

निवृत्त लेखापाल, सांगली

वरील प्रतिसादाशी सहमत आहे. आपल्याकडे पगाराऐवजी खर्च हेच माप धरावे आणि सगळा हिशेब आजच्या रुपयांत करावा, म्हणजे भविष्यातील कोटींचे आकडे पाहून छाती दडपत नाही.

तुमचा टिकून राहणारा खर्च वर्षाला ६ लाख रुपये आहे. निवृत्तीनंतर ३० वर्षे धरली आणि गुंतवणुकीवरील करोत्तर परतावा महागाईइतकाच मिळेल असे मानले, तर ५८व्या वर्षी खर्चाच्या तीसपट, म्हणजे आजच्या किमतीत १ कोटी ८० लाख रुपये हवेत. परतावा इतका कमी का धरला, असे कोणी विचारील. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ८.२ टक्के व्याज मिळते हे खरे, पण तिची मर्यादा माणशी ३० लाख रुपये आहे आणि व्याज करपात्र आहे. उरलेली रक्कम बँकेच्या ठेवीत ठेवणाऱ्याच्या हाती कर भरल्यावर महागाईपेक्षा फारसे अधिक उरत नाही.

आता आजची स्थिती पाहू. पीएफवर सव्वाआठ टक्के आणि पीपीएफवर ७.१ टक्के व्याज आहे, त्यात फंडांची भर. महागाई ६ टक्के मानून मी तुमच्या एकत्रित पुंजीची खरी वाढ (महागाई वजा जाता) वर्षाला ३ टक्के धरतो. या दराने तुमचे ७० लाख १३ वर्षांत आजच्या किमतीतील सुमारे १ कोटी ३ लाख होतील. उरलेल्या ७७ लाखांसाठी वर्षाला ४ लाख ९४ हजार, म्हणजे दरमहा सुमारे ४१,००० रुपये साठवावे लागतील आणि ही रक्कम महागाईबरोबर वाढवत न्यावी लागेल.

तुमचा पीएफचा वाटा ८,४०० रुपये. मालकाच्या तेवढ्याच वाट्यातून १,२५० रुपये पेन्शन योजनेत वळते होतात, त्यामुळे खात्यात ७,१५० जमा होतात. पीपीएफ आणि एसआयपी धरून एकूण ३८,०५० रुपये होतात. तूट दरमहा ३,००० रुपयांच्या आसपास आहे. तुम्ही थोडेसेच मागे आहात.

राहते घर आणि गावची जमीन यांत धरू नका. घर विकून राहायचे कुठे, हा प्रश्न सुटल्याखेरीज ती पुंजी नव्हे.

कोथरूडकर

रिझर्व्ह बँकेचे महागाईचे उद्दिष्ट ४ टक्के असताना आपण ६ टक्के का धरता? शिवाय ईपीएसचे, म्हणजे पीएफबरोबरच्या पेन्शन योजनेचे, निवृत्तिवेतन आणि ग्रॅच्युइटी हिशेबात दिसत नाहीत.

निवृत्त लेखापाल, सांगली

त्याच उद्दिष्टाची वरची सीमा ६ टक्के आहे, आणि म्हातारपणी औषधपाण्याचा वाटा वाढत असल्याने मी सीमेचाच आकडा धरतो.

ईपीएसमध्ये सेवेच्या वर्षांना निवृत्तिवेतनार्ह पगाराने गुणून ७०ने भागतात. त्या पगाराची मर्यादा १५,००० रुपये आहे, तोवर ३४ वर्षांच्या नोकरीनंतरही महिन्याला सात-साडेसात हजारांपलीकडे जाणे कठीण आहे. ही रक्कम महागाईनुसार वाढत नाही आणि १३ वर्षांनी तिची किंमत आजच्या निम्म्याहून कमी असेल. म्हणून ती मी जमेत धरली नाही.

ग्रॅच्युइटी मात्र बरी असते: दरवर्षाच्या सेवेमागे अखेरच्या मूळ वेतनाचे १५/२६. एकाच कंपनीत २५ वर्षे भरली, तर आजच्या वेतनावर सुमारे १० लाख होतात. ही रक्कम आजारपणासाठी बाजूला ठेवावी. कंपनीचा मेडिक्लेम बहुधा नोकरीबरोबरच संपतो.

धागाकर्ता (पिंपरी)

सविस्तर मार्गदर्शनाबद्दल आभारी आहे. एक गोष्ट सांगायची राहिली: पत्नी माझ्यापेक्षा पाच वर्षांनी लहान असून तिला स्वतंत्र उत्पन्न नाही. मग ३० वर्षे कोणाच्या वयावरून मोजायची?

निवृत्त लेखापाल, सांगली

वहिनींच्या वयावरून. हा प्रश्न तुम्ही विचारलात हे फार बरे झाले, कारण बहुतेक जण पुरुषाचे वय धरून मोकळे होतात. पाच वर्षे अधिक धरा, पण एकट्या माणसाचा खर्च निम्मा होत नाही. मी ७० टक्के मानतो. ४ लाख २० हजारांच्या हिशेबाने पाच वर्षांचे २१ लाख रुपये वाढतात आणि आधीची तूट मिळवून आजच्या किमतीत साधारण २६ ते २७ लाख रुपये कमी पडतात.

तुमचा हप्ता संपल्यावर उरणाऱ्या नऊ वर्षांत ही तूट भरायची, तर आजच्या किमतीत दरमहा सुमारे २२,००० रुपये लागतील. चार वर्षांनी मोकळ्या होणाऱ्या २८,००० रुपयांची आजची किंमत जवळपास तेवढीच आहे. हप्ता सुटेल त्याच महिन्यापासून ती संपूर्ण रक्कम एसआयपीत वळवा आणि पुढे दरवर्षी ६ टक्क्यांनी वाढवा. सध्याची १०,००० रुपयांची एसआयपी मात्र याच वर्षी १३,००० करून टाका.