मदत हवी आहे: कॅम बदललेल्या ६५० सीसी गाडीसाठी ट्यूनर कसा निवडावा?

वळणवाट:
गाडी ६५० सीसी, दोन सिलिंडर, फ्युएल इंजेक्शन. फ्री-फ्लो सायलेन्सर, जास्त हवा ओढणारा एअर फिल्टर आणि जास्त लिफ्ट व ड्युरेशनचा (व्हॉल्व्ह जास्त आणि जास्त वेळ उघडणारा) कॅम बसवला आहे. हेडर (इंजिनातून निघणारा एक्झॉस्ट पाइप) आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (कॅट) मूळचेच, मॅपही (पेट्रोल आणि ठिणगीची वेळ ठरवणारा तक्ता) कंपनीचाच. ३००० ते ४००० आरपीएमला अर्धवट थ्रॉटलवर गाडी अडखळते, आयडल वरखाली होतं, थ्रॉटल सोडला की सायलेन्सरमध्ये फटफट होते.

दोन पर्याय आहेत. पहिला ट्यूनर पिगीबॅक (ईसीयूचे सिग्नल बदलणारा जोडबॉक्स) लावून तयार मॅप टाकतो आणि डायनोवर (चाकाची ताकद मोजणाऱ्या रोलरच्या यंत्रावर) पूर्ण थ्रॉटलचे तीन रन देतो. दुसरा ईसीयूच (इंजिनचा कॉम्प्युटर) रिमॅप करतो, पण गाडी दिवसभर ठेवून घेतो. कोणाकडे जावं आणि आधी काय विचारावं?

लॅम्बडा_एक:
लक्षणं पाहता दुसरा. तुमचा त्रास अर्धवट थ्रॉटलचा आहे आणि पूर्ण थ्रॉटलच्या रनमध्ये तो भाग मोजलाच जात नाही. रस्त्यावर बहुतेक वेळ थ्रॉटल १० ते ४० टक्केच उघडा असतो.

पहिला प्रश्न विचारा, "डायनोला ब्रेक आहे का?" नुसत्या जड रोलरच्या डायनोवर आरपीएम वर पळत जातो, एका जागी धरता येत नाही. ब्रेक असला की ३५०० आरपीएम आणि २० टक्के थ्रॉटलला गाडी स्थिर धरून मॅपमधला तोच कप्पा दुरुस्त करता येतो. दिवस लागतो तो यासाठीच.

तयार मॅप तर तुमच्या कॅमला लागू पडणारच नाही. ओव्हरलॅप (इनटेक आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडे असण्याचा काळ) वाढला की आयडलला थोडी ताजी हवा न जळताच एक्झॉस्टमध्ये निसटते. ऑक्सिजन सेन्सरला ते लीन (पेट्रोल कमी) वाटतं, ईसीयू पेट्रोल वाढवतो, मिश्रण रिच (पेट्रोल जास्त) होतं आणि आयडल डोलतं. तिथला क्लोज्ड लूप (सेन्सर पाहून ईसीयूने पेट्रोल बदलत राहणं) बंद करावा लागतो. शिवाय सिलिंडरमध्ये जळका वायू जास्त उरल्याने ज्वाला हळू पसरते, म्हणून कमी लोडला इग्निशन (ठिणगी) थोडं आधी लागतं. बरेच पिगीबॅक फक्त इंधन बदलतात, इग्निशनच्या टायमिंगला हात लावत नाहीत.

टॅपेट:
वरच्याशी सहमत. पण ट्यूनरकडे जाण्याआधी यांत्रिक बाजू पक्की करा, नाहीतर मॅप दोषावरच बेतला जाईल.

टॅपेट क्लिअरन्स (व्हॉल्व्हची फट) इंजिन थंड असताना, कॅम बनवणाऱ्याने दिलेल्या मापाने बघा. कंपनीचं माप आता चालणार नाही. कॅम बसवताना पिस्टन आणि व्हॉल्व्हमधलं अंतर मोजलं होतं का हे मेकॅनिकला विचारा आणि ते कळेपर्यंत आरपीएम लिमिट वाढवू देऊ नका. दोन सिलिंडरच्या कॉम्प्रेशनमध्ये १० टक्क्यांहून जास्त फरक नको. मग थ्रॉटल बॉडीचं सिंक (दोन्ही सारख्या उघडतात का), इनटेक रबरची स्मोक टेस्ट (धूर सोडून गळती शोधणं), नवे स्पार्क प्लग, चेनचा ताण. क्लच घसरत असेल तर डायनोवर आरपीएम वाढतो आणि आलेख खोटा निघतो.

सायलेन्सरमधल्या फटफट आवाजासाठी सगळ्यात आधी हेडरचं गॅस्केट आणि सायलेन्सरचा जोड बघा. तिथून हवा आत ओढली गेली तर फटफट तर होतेच, सेन्सरही खोटं लीन दाखवतो.

वळणवाट:
धन्यवाद. दुसरा ट्यूनर वाइडबँड सेन्सर (मिश्रण किती लीन-रिच ते नेमकं मोजणारा ऑक्सिजन सेन्सर) सायलेन्सरच्या तोंडात घालून मोजतो म्हणाला. चालेल?

लॅम्बडा_एक:
नाही, इथे ठाम राहा. कॅट तसाच आहे, त्यातून गेल्यावर मोजलेलं मिश्रण इंजिनमधून निघालेल्यासारखं नसतं. कमी आरपीएमला बाहेरची हवाही सायलेन्सरच्या तोंडातून आत येते. कॅटच्या आधी, शक्य असेल तर दोन्ही पाइपांवर, १८ मिमी व्यासाचा आणि १.५ पिचचा बंग (सेन्सर बसवायची आटेदार बुश) वेल्ड करून घ्या. सेन्सर आडव्यापेक्षा किमान १० अंश वर कललेला हवा, म्हणजे त्यात पाणी साचत नाही. काम झालं की सेन्सर काढून तिथे बूच लावा. हीटर बंद असलेला सेन्सर एक्झॉस्टमध्ये राहिला की खराब होतो.

आकडे लॅम्बडातच मागा (नेमक्या जळणाच्या मिश्रणाला १; कमी म्हणजे रिच, जास्त म्हणजे लीन). पेट्रोलमध्ये इथेनॉल असेल तर १४.७ हा हवा-पेट्रोल गुणोत्तराचा आकडा दिशाभूल करतो. मीटर फक्त लॅम्बडाला १४.७ ने गुणून दाखवतो. पूर्ण थ्रॉटलला ०.८७ ते ०.९० ठीक. संथ क्रूझिंगला १ च्या आसपास, इंजिन एअर-कूल्ड असेल तर थोडं रिच.

टॅपेट:
एक भर. पूर्ण थ्रॉटलला इंजेक्टर ड्यूटी सायकल (चक्रातला किती टक्के वेळ इंजेक्टर उघडा) किती भरते ते विचारा. ८००० आरपीएमला फोर-स्ट्रोकचं एक चक्र १५ मिलिसेकंदांत संपतं. इंजेक्टर त्यातले १२.७५ मिलिसेकंद उघडा असेल तर ८५ टक्के झाले, मोठा इंजेक्टर लागेल. वरच्या आरपीएमला लीन जाऊन नॉकिंग (मिश्रणाचा आपोआप स्फोट) झालं तर पिस्टन जातो. नॉक कसा ऐकतो हेही विचारा. हेडफोन किंवा सेन्सर काहीच वापरत नसेल तर टायमिंग आणखी आधी सरकवू देऊ नका.

लॅम्बडा_एक:
गाडी देण्याआधी चार गोष्टी लिहून घ्या: मूळ फाइलची प्रत, नव्या मॅपची प्रत, मॅप लॉक करणार की नाही, आणि आधीचा व नंतरचा रन त्याच डायनोवर, त्याच गिअरमध्ये, त्याच करेक्शनने (हवामानानुसार आकड्यांच्या दुरुस्तीने). दोन वेगळ्या डायनोंचे हॉर्सपॉवर ताडून काही कळत नाही. आलेखावर लॅम्बडाची रेघ नसेल तर तो कागद स्वीकारू नका. टाकीत रोजचंच पेट्रोल भरून न्या.