पुढच्या डेस्कटॉप प्रोसेसरला रॅमचे स्लॉट उरतील का?

ट्रान्झिस्टर_वेडा
२०१९ मध्ये एएमडीचा रायझन ९ ३९५०एक्स प्रोसेसर आला, १६ कोअरचा (कोअर म्हणजे आकडेमोड करणारा स्वतंत्र भाग). २०२४ चा ९९५०एक्स? तोही १६ चाच. कोअर वाढवता येत नाहीत असं नाही, पण त्यांना डेटा पुरवणार कोण? दोन चॅनलची, म्हणजे डेटाच्या दोन वाटांची, डीडीआर५-६००० रॅम कागदावर सेकंदाला ९६ जीबी देते, म्हणजे कोअरमागे ६. आड भरलेला, पोहरा लहान! ॲपलने २०२० च्या एम१ चिपपासून रॅम थेट पॅकेजवर, म्हणजे प्रोसेसरशेजारी एकाच तळावर, बसवली. एम४ मॅक्स सेकंदाला ५४६ जीबीपर्यंत जातो. एएमडीचा रायझन एआय मॅक्स+ ३९५ सोल्डर केलेल्या, म्हणजे बोर्डाला कायमच्या जोडलेल्या, रॅमवर २५६ देतो. माझा अंदाज : दहा वर्षांत डेस्कटॉपवरचे स्लॉट इतिहासजमा. होऊ देत.

स्क्रू_ड्रायव्हर
साफ असहमत. गेल्या वर्षी माझी एक रॅम स्टिक गेली. ती काढली, उरलेलीवर आठवडा काढला, मग नवीन लावली. तुमच्या 'भविष्यात' अख्खा बोर्ड कचऱ्यात गेला असता.

आणि ते २५६ जीबी खातो कोण? मुख्यतः चिपच्या पोटातला जीपीयू, म्हणजे ग्राफिक्सचा भाग. सीपीयूला, निदान गेममध्ये, जास्त नडतो तो डेटा हाती यायला लागणारा विलंब. एएमडीचा ५८००एक्स३डी बघा : कोअर ५८००एक्सचेच, क्लॉकचा वेग उलट थोडा कमी, फक्त एल३ कॅश (चिपमधलीच झटपट मेमरी) ३२ ची ९६ एमबी केली आणि गेममध्ये थोरल्या भावाला मागे टाकलं. स्लॉटला हातही न लावता!

ट्रान्झिस्टर_वेडा
कॅश किती वाढवणार? चिप बनवणाऱ्या टीएसएमसीच्या ५ नॅनोमीटर प्रोसेसवरून एन३ई या ३ नॅनोमीटरच्या प्रोसेसवर गेलात तरी कॅश ज्याची बनते त्या एसरॅमचा सेल ०.०२१ चौरस मायक्रोमीटरच राहतो. लॉजिक, म्हणजे आकडेमोडीचा भाग, आकसतं, कॅश नाही.

स्क्रू_ड्रायव्हर
अहो, मग ती महागड्या प्रोसेसवर छापायचीच कशाला? ७०००एक्स३डी मध्ये कोअर ५ नॅनोमीटरचे आणि वर रचलेली कॅश ७ ची. ९८००एक्स३डी मध्ये तर कॅश कोअरच्या खाली गेली, त्यामुळे कोअर कूलरला भिडले. तुमचा मुद्दा माझ्याच बाजूचा आहे.

कंपायलर_काका
तुम्हा दोघांचं म्हणजे आजार म्हशीला, इंजेक्शन पखालीला. १० टक्के काम एकामागून एकच होणारं असेल तर कोअर कितीही लावा, वेग दहापटीपलीकडे जात नाही. हे संगणकतज्ज्ञ ॲमडाल १९६७ मध्येच सांगून गेले. इंटेलने २०२४ च्या ॲरो लेक प्रोसेसरमध्ये हायपरथ्रेडिंगच (एका कोअरवर दोन कामं चालवणं) काढलं : ८ मोठे, १६ छोटे कोअर. मला पुढे तेच दिसतं, मोजके धष्टपुष्ट आणि भोवती छोट्यांची गर्दी. फक्त सगळ्यांना एकच भाषा येऊ द्या. २०२१ च्या अल्डर लेकमध्ये छोट्यांना एव्हीएक्स-५१२ (एका आज्ञेत अनेक आकडे हाताळणाऱ्या सूचनांचा संच) येत नव्हतं, म्हणून मोठ्यांचंही बंद केलं!

बाकी, पॅकेजवर रॅम इंटेलनेही लॅपटॉपच्या २०२४ च्या लूनर लेकमध्ये करून पाहिली. ते एकदाच, पुन्हा नाही, असं त्यांच्याच तेव्हाच्या सीईओंनी त्याच वर्षी सांगितलं.

ट्रान्झिस्टर_वेडा
लूनर लेकचा मुद्दा लागला. 'सगळे स्लॉट जातील' हे मागे घेतो. मोठा जीपीयू पोटात असलेल्या चिपला सोल्डर, बाकीच्यांना स्लॉट. पण मग तुम्ही वेगळं ग्राफिक्स कार्ड किती दिवस घेणार, ते सांगा.

स्क्रू_ड्रायव्हर
मिळेल तोवर. आणि कार्डावरची रॅमही सोल्डरच केलेली असते, हे आता कोणी आठवून देऊ नका.