पेनड्राइव्ह रिकामा नाहीये, फॉरमॅट मारू नका

सेक्रेटरी काका ए-१०२: मंडळी ऑफिसच्या पेनड्राइव्हमधली सगळी व्हाउचरं गायब, नुसते शॉर्टकट दिसतायत, ऑडिटर उद्या येणार आणि झेरॉक्सवाला म्हणतो फॉरमॅट मारा, कोणाला कळतं का यातलं 🙏

निखिल बी-३०४: काका अजिबात फॉरमॅट नको!! प्रॉपर्टीजमध्ये बघा जागा किती भरलीय

सेक्रेटरी काका: निम्म्याच्या वर

निखिल: मग माल आतच आहे. हा व्हायरस फोल्डर पुसत नाही, हिडन करतो आणि त्याच नावाचा शॉर्टकट पुढे ठेवतो, त्याला डबल क्लिक केलं की झालं, म्हणून हात लावू नका. विंडोजचं बटण दाबून सीएमडी (कमांड टाईप करायची खिडकी) शोधा, उघडा, ई: (म्हणजे पेनड्राइव्हचं अक्षर) एंटर, मग डीआयआर /ए (फाईलींची यादी दाखवणारी कमांड) एंटर. इंग्रजीत टाईप करा हं

मावशी सी-२०१: बँकेत डॉसवर रोज डीआयआर मारायचो, /ए कशाला

निखिल: मावशी नुसतं डीआयआर हिडन वस्तू वगळतं ना

दीपा ए-४०३: आज पाणी किती वाजता?

सेक्रेटरी काका: लाल अक्षरात ओरडतोय, पाथ सापडत नाही म्हणे

निखिल: खिडकी निळी आहे का? ते पॉवरशेल, विंडोजचीच दुसरी कमांडची खिडकी, तिथलं डीआयआर नावापुरतं, /ए चालत नाही, -फोर्स लागतं. सरळ सीएमडी लिहून एंटर मारा, तिथेच जुनं सुरू होईल

सेक्रेटरी काका: आली आली!! सगळी फोल्डरं दिसली

ओंकार बी-५०१: आमच्या मॅकवर यासाठी एलएस -ए, नावाच्या आधी टिंब असलं की फाईल लपते 😄

निखिल: आता अँटिव्हायरस फिरवा, मग अ‍ॅट्रिब -एच -एस -आर /एस /डी, ही फाईलींवरचे हिडनसारखे शिक्के काढणारी कमांड. एक्सप्लोररमध्ये हिडन आयटेम्सला टिक करून भागत नाही, सिस्टीमचा शिक्काही मारलेला असतो, तो -एस ने निघतो

खजिनदार सी-३०२: ऑडिटरला फाईलींची यादी पण हवीय, सगळी नावं टाईप करत बसू का आता

निखिल: छे हो. डीआयआर /एस /बी > यादी.टीएक्सटी. /एस म्हणजे आतली फोल्डरं पण, /बी म्हणजे तारीख साईज काही नको, फक्त पाथ आणि नाव. नोटपॅडमध्ये उघडेल

खजिनदार: झाली. पण त्यात यादी.टीएक्सटी पण आलीय, ती कुठली पावती?

निखिल: 😂 यादीची फाईल आधी बनते, मग मोजणी. ती ओळ उडवा

खजिनदार: उडवली. आणि काका, लिफ्ट एएमसीचं फोल्डर यादीत नाहीच्चे, ते मेलवर असेल बघा